उशाशी मशीन

जुलै २०१८च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार पाण्याखाली होतं. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, विरारची लोकल थांबली, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच अडकल्या, मिठागरातल्या वस्तीला पाण्यानं वेढलं आणि बऱ्याच भागांतली वीज गेली. टीव्हीवर दिसल्या त्या होड्या आणि रुळांतून चालणारे प्रवासी. इमारतींच्या बंद दारांआड मात्र काही घरांत वेगळीच आकडेमोड चालली असणार. इन्व्हर्टर किती तास ओढेल? फ्रिजमधलं इन्सुलिन किती वेळ टिकेल? ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस गुडघाभर पाण्यातून येईल का?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दवाखान्याचा मोठा भाग मुकाट्यानं घरात आला आहे. टीव्हीच्या खणात साखर तपासायचं मशीन, कपाटावर बीपीचं, लहान मूल किंवा दम्याचा पेशंट असेल तर वाफेचं, आणि काही घरांत उशाशी रात्रभर घरघरणारं ऑक्सिजनचं. मेडिकलमध्ये पैसे मोजले की मशीन हातात पडतं. ते वापरायचं कसं हे सांगणारं मात्र सहसा कुणी भेटत नाही. दुकानदाराच्या मागे गिऱ्हाइकांची रांग असते आणि खोक्यातली माहितीपत्रिका बारीक इंग्रजीत.

वसई-विरारला या मशीनची गरज इतरांपेक्षा जरा जास्तच. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांवर होती, आणि त्यानंतर नालासोपारा पूर्वेला किती इमारती उठल्या ते लोकलच्या खिडकीतून कुणालाही दिसतं. वसईत सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, बंगलीला कार्डिनल ग्रेशस आहे, खासगी नर्सिंग होम तर नाक्यानाक्यावर. तरीही मोठा डॉक्टर म्हटलं की लोक केईएम, नायर नाहीतर बोरिवली-अंधेरीचं नाव घेतात. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. विरार लोकलमध्ये धडधाकट माणसालाही चढताना दोनदा विचार करावा लागतो, तिथं दम लागणाऱ्या माणसाचं काय? आणि गाडी करून जावं तर महामार्गावरच्या कोंडीचा भरवसा नाही.

त्यातून मधुमेह, रक्तदाबासारखे आजार एका फेरीत संपणारे नव्हेत. आयसीएमआरच्या पाठबळानं झालेल्या आणि २०२३ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आलेल्या 'इंडियाब' पाहणीनं देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख असा दिला. प्रौढांमधलं प्रमाण ११.४ टक्के, आणि उच्च रक्तदाबाचं ३५.५ टक्के. एवढ्या माणसांची साखर आणि बीपी रोज दवाखान्यात मोजायचं ठरवलं तर दवाखान्यांना दुसरं काम उरणार नाही. घरातलं मशीन ही चैन राहिलेली नाही, ती सोय नसेल तर उपचारच अर्धवट.

साखरेचं मशीन घरात आलं तेही भांडूनच. अमेरिकेत १९६९च्या सुमारास रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या इंजिनिअरनं रक्तातली साखर मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात पाहिली. ते होतं दीडेक किलोचं, किंमत साडेसहाशे डॉलर आणि विक्री फक्त डॉक्टरांना. बर्नस्टाइनना स्वतःला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. त्यांची बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावानं यंत्र मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजायला सुरुवात केली. पेशंटनं स्वतः मोजावं ही कल्पनाच तेव्हाच्या डॉक्टरांना रुचत नव्हती. ऐकून घेईनात म्हणून या गृहस्थानं पन्नाशीकडे झुकताना वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि डॉक्टर झाला. आज तेच यंत्र तळहातावर मावतं, पाच-दहा सेकंदांत आकडा देतं.

आकडा लगेच मिळतो, पण तो खरा असेलच असं नाही. जपानी डॉक्टरांनी २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना फळं सोलायला लावली आणि हात न धुता बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. आकडे भलतेच चढे आले. साबण तर सोडाच, नुसत्या नळाच्या पाण्यानं हात धुतल्यावर ते जागेवर आले, आणि अल्कोहोलचा बोळा फिरवूनही तेवढा फरक पडला नाही. वसईकरांनी ही गोष्ट कान देऊन ऐकावी अशी आहे. केळीच्या बागा, सुकेळी, चिकू हे इथलं वैभव. केळं सोलून नातवाच्या हातात दिलं आणि त्याच बोटाला सुई टोचली, तर मशीन केळ्याची साखर आजोबांच्या नावावर मांडणार. तो आकडा पाहून कुणी इन्सुलिनचे चार युनिट जास्त घेतले तर पुढचा धोका खराच असतो. साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ, आणि वेळीच तीन चमचे साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी.

पट्ट्यांचंही तसंच. पट्टीवर जे रसायन असतं त्याला दमट हवा सोसत नाही, आणि वसईची हवा वर्षातले चार-पाच महिने ओलीच असते. डबीचं झाकण उघडं राहिलं, पट्ट्या मोकळ्या करून प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या, किंवा जास्त टिकतील म्हणून फ्रिजमध्ये ठेवल्या तर त्या फुकट जातात. फ्रिजची जागा इन्सुलिनची, तीही न उघडलेल्या. वापरात काढलेली कुपी किंवा पेन घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालतं. उन्हाळ्यात वीज गेली की ओल्या माठात इन्सुलिन ठेवायची जुनी युक्ती अजून उपयोगी पडते, फक्त कुपीला पाणी लागू द्यायचं नाही.

'लॅबमध्ये २०० आली, घरी १८० दाखवतंय, मशीन खराब आहे' ही तक्रार मेडिकलवाले रोज ऐकतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरमधले पंच्याण्णव आकडे लॅबच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असले की मशीन पास. म्हणजे लॅबची २०० घरी १७० आली काय किंवा २३० आली काय, मशीन आपलं काम करतंय. एका आकड्यावर उड्या मारायच्या नसतात, आठवडाभराच्या आकड्यांचा कल पाहायचा असतो, हे पेशंटला कुणीतरी आधीच सांगायला हवं.

पैशांचं बोलायचं तर मशीन स्वस्त, पट्ट्या महाग. एक पट्टी पंधरा ते पंचवीस रुपयांच्या घरात. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाला दिवसातून चारदा बोट टोचावं लागतं. महिन्याला दोन-अडीच हजार नुसत्या पट्ट्यांवर, इन्सुलिन वेगळं. दंडावर चिकटवायचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि साडेचार-पाच हजारांना पडतो, तो तर बहुतेकांच्या हिशेबाबाहेर. सरकारनं जुलै २०२१मध्ये ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवर व्यापाऱ्यांच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. २२ सप्टेंबर २०२५पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला. दोन्ही चांगली पावलं. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या पट्ट्या खिशातूनच.

सेन्सर ज्यांना परवडतो त्या घरांत एक नवीच गंमत दिसते. वसईतली कित्येक मुलं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. आईबाबा पापडीत नाहीतर निर्मळला. सेन्सरचा आकडा मोबाइलवरून मुलाला परदेशात दिसतो आणि इथं पहाटे साखर घसरली की तिकडून शेजाऱ्यांना फोन येतो. सोय मोठीच. मात्र म्हाताऱ्यांनी चोरून खाल्लेल्या लाडवाचीही खबर दुबईला पोचते, आणि त्यावरून घरात होणारे वाद कुठल्याच ॲपमध्ये मिटत नाहीत.

बीपीचं मशीन वापरायला सगळ्यात सोपं वाटतं आणि चुकाही त्यातच जास्त होतात. जिना चढून आल्यावर, चहाचा कप हातात धरून, मालिका बघत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला जातो. पद्धत अशी की पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला टेबलावर, लघवी लागलेली नको आणि मधे बोलायचं नाही. सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, रात्री दोनदा, असं आठवडाभर, आणि पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नव्हे.

पट्ट्याच्या मापाकडे तर कुणी बघतच नाही. बऱ्याच मशीनबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिलं की ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी वीसएक अंकांनी जास्त येतो. वीस अंक म्हणजे एक नवी गोळी. सोसायटीत चार घरांत मिळून एक मशीन फिरत असेल तर जाड काकांना आणि काटकुळ्या आजींना एकच पट्टा, आणि दोघांचेही आकडे चूक, एकाचा वर आणि दुसरीचा खाली.

आता ऑक्सिजन. इथं जरा थांबायला हवं, कारण वसई-विरारचं या वस्तूशी नातं २०२१च्या एप्रिलमध्ये बदललं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याची, १९७४ सालची. आपल्याकडे २०२०पर्यंत ती बहुतेक रुग्णालयांपुरतीच होती. मग कोविड आला आणि शाळकरी पोरंसुद्धा 'आजीचा ९४ आहे' असं सांगू लागली. (आओयागींचं निधन एप्रिल २०२०मध्ये झालं, त्यांचं यंत्र घरोघरी पोचत होतं नेमक्या त्याच महिन्यांत.) २०२१च्या एप्रिलमध्ये बेड मिळेना, सिलिंडर मिळेना, आणि २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे डझनाहून अधिक रुग्ण गेले. त्यानंतर ज्यांना जमलं त्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी आणले. रुग्णालयाची धास्ती आणि बेडची टंचाई, दोन्ही कारणं होती.

ती लाट ओसरली, पण फुप्फुसं कायमची अधू झालेली माणसं आधीही होती आणि आजही आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते भारतापुरतं फार खरं आहे. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही, चुलीचा धूर, धूळ, कारखान्यातले वायू यांनीही तो होतो. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत उमेदीची वर्षं घालवलेले कामगार आणि चुलीपुढं आयुष्य काढलेल्या बाया यांना हे वेगळं समजावून द्यायची गरज नाही.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशीन हवा ओढून झिओलाइटच्या दाण्यांतून दाबानं सोडतं, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे नव्वद टक्क्यांवर शुद्ध ऑक्सिजन मिळतो. याच दाण्यांचं ओलाव्याशी वाकडं. कोविडनंतर माळ्यावर टाकलेलं मशीन तीन पावसाळे काढून कुणी शेजाऱ्याला दिलं, तर घरघर तीच येते, हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन किती ते कुणालाच ठाऊक नसतं. तो मोजायचं उपकरण असतं. दुरुस्तीवाल्याकडून मोजून घेतल्याशिवाय जुनं मशीन पेशंटला लावू नये.

दुसरी गफलत आकड्याची. कोविडनं लोकांच्या डोक्यात ९५ पक्का बसवला. सीओपीडीच्या पेशंटला डॉक्टर बहुतेकदा ८८ ते ९२वर ठेवायला सांगतात. या रुग्णांपैकी काहींना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. घरचे मात्र ९० बघून घाबरतात, नॉब दोनवरून पाचवर नेतात आणि ९८ आल्यावर सुटकेचा श्वास सोडतात. आजोबा शांत झोपले म्हणून सगळ्यांना बरंही वाटतं. त्यात ऑक्सिमीटरचाही भरवसा मर्यादित. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये दाखवलं. गार बोटं, नेलपॉलिश आणि गडद मेंदीही आकडा बिघडवते.

तिसरी गोष्ट वेळेची. १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी सिद्ध केलं की ज्यांचा ऑक्सिजन फारच कमी असतो अशा सीओपीडीच्या रुग्णांचं आयुष्य ऑक्सिजननं वाढतं, पण तो दिवसातले किमान पंधरा तास घेतला तर. 'दम लागला की अर्धा तास लावतो' यानं ते साधत नाही.

आणि पंधरा तास म्हणजे वीज. पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास खातं. दिवसाला पाच-सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेहून जास्त. महावितरणच्या टप्प्यांच्या दरात घरचं बिल त्यानं वरच्या टप्प्यात जातं. वीज गेल्यावर दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी तीन-चार तास ओढते. शहाणी घरं म्हणून एक लहान, दीड हजार लिटरचा सिलिंडर भरून ठेवतात. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास पुरतो, पाच लिटरनं पाच. सिलिंडरवर हा हिशेब मार्करनं लिहून ठेवला तर अंधारात डोकं चालवावं लागत नाही.

दिवाळीत एक सावधगिरी आणखी. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कपडे, केस, चादर भसकन पेटतात. नाकात नळी असलेल्या माणसाला ओवाळताना नळी काढावी, मशीन बंद करावं आणि थोडा वेळ जाऊ द्यावा. पणती, उदबत्ती, गॅस दहा फूट लांब. घरात विडी ओढणारं कुणी असेल तर त्यानं बाहेर जावं, हे सांगण्यात भिडस्तपणा नको.

वाफेच्या मशीनबद्दल, म्हणजे नेब्युलायझरबद्दल, थोडक्यात. घरोघरी ते आहे आणि बऱ्याच ठिकाणी गरज नसताना आहे. स्पेसर नावाची पोकळ नळी लावून घेतलेला औषधाचा पंप बहुतेक वेळा तेवढाच गुणकारी असतो, स्वस्तही आणि वीजही लागत नाही. पण पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, हा समज हटता हटत नाही.

घरी होऊ शकणारा आणखी एक उपचार म्हणजे डायलिसिस. किडनीचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसला जातात. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्याला तर आधी होडी. पोटातून करायचा डायलिसिस घरी होतो. पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढून टाकायचा, दिवसातून साधारण चारदा. ना मशीन लागतं ना वीज. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९पासून त्याचा समावेशही झाला. तरी आपल्याकडे तो मागे पडला. महिन्याला दोनशे चाळीस लिटर द्रवाची खोकी ठेवायची कुठं? वन आरकेत माणसांनाच जागा नसते. शिवाय दर वेळी हात घासून धुवायला हवेत, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या नालासोपाऱ्याच्या चाळीत ही अट साधी नाही.

हे सगळं करतं कोण? घरातली बाईच, सून, बायको नाहीतर मुलगी. ऐपत असेल तिथं ब्युरोची, म्हणजे रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बाई. दिवसाचे बारा तास भरणारी ही बाई नळी बदलते, साखर बघते, वहीत आकडे लिहिते आणि तिला हे शिकवलेलं असतं आधीच्या घरातल्या बाईनं. चूकही तशीच हातोहात पुढं जाते.

वापरलेल्या सुयांचं तर विचारूच नका. २०१६च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या आणि दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र स्थानिक संस्थेनं उभारायचं होतं. प्रत्यक्षात सुया ओल्या-सुक्याबरोबर जातात, आणि गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याच्या डंपिंगवर कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतात. फिनेलच्या जाड बाटलीत सुया साठवून झाकण घट्ट लावून, वर 'सुया' असं लिहून वेगळी देणं एवढं तरी घरी जमतं.

महापालिकेकडे मागण्यासारखी गोष्ट लहान आहे. प्रत्येक दवाखान्यात महिन्यातून एक सकाळ, एक टेबल, एक नर्स. लोकांनी घरचं मशीन घेऊन यावं, दवाखान्याच्या मशीनशी ताडून बघावं, दंडाचा घेर मोजून पट्टा बरोबर आहे का विचारावं, सुयांची बाटली डब्यात टाकावी. ब्युरोच्या बायांनाही तिथंच शिकवता येईल. यासाठी ना नवी इमारत लागते ना उद्घाटनाला मंत्री.

तोवर वाचकांनी आपल्यापुरतं करावं. दिवाळीत घरी गेल्यावर आईवडिलांचं मशीन खणातून बाहेर काढा. सेल बघा, पट्टा दंडाला बांधून बघा, पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना वहीबरोबर मशीनही न्या. आणि पट्ट्यांच्या डबीवरची तारीख उलटून गेली असेल तर डबी टाकून द्या.